दोन लाल, एक निळा

सिस्टरने पिशवी टेबलावर उलटी केली तेव्हा आधी औषधांचे पत्ते पडले, मग टॉवेल, मग स्टीलचा डबा, कवळीची डबी, आणि सगळ्यांत शेवटी नीट घडी घातलेली एक जाडीभरडी पांढरी चादर. पडायची तर पडली एकदा. पण भूपेशच्या डोळ्यांपुढे ती सोमवारपासून पडतच होती. चहा पिताना पडत होती, गाडीवर पडत होती, आणि आज बुधवारी दुपारी लॅबच्या दारात उभा राहून तो पोरापोरींच्या बॅगा तपासत होता तेव्हाही पडली. हिंगणा रोडवरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात तो एकवीस वर्षं लॅब असिस्टंट. त्याच्या लॅबमधून टाचणीसुद्धा बाहेर गेली नव्हती, हा त्याचा तोरा. पोरं पाठीमागे त्याला 'जप्तीवाले' म्हणत. त्याला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. करिष्मा नावाची एक मुलगी रोजच्या सवयीने पुढे आली, बॅगेची चेन उघडली, आणि आतून तिची घडी केलेली ओढणी सुळकन खाली घसरली. एवढंच झालं. भूपेश दोन पावलं मागे सरला. उचल म्हणाला, जा म्हणाला. तिच्यामागच्या आठ जणांनाही न तपासताच जा म्हणाला. पोरं एकमेकांकडे बघत जिना उतरली आणि खाली गेल्यावर हसली. हसा लेकहो, तो मनात म्हणाला. तुमच्या बापांची पिशवी कुणी उलटी केली नाही अजून.

बाबांच्या पायाचं ड्रेसिंग आज होतं. साखरेची जखम, उजव्या पायाची दोन बोटं कापलेली, अन् डॉक्टरने बजावून सोडलेलं की एक दिवसाआड इथेच आणायचं, आतलं मेलेलं मांस आम्हीच काढणार, कंपाउंडरचं काम नाही ते. हयगय केली तर पुढच्या खेपेला घोट्यापासून कापावं लागेल. आणि बाबांनी सकाळी भिंतीकडे तोंड करून दामिनीला सांगितलं होतं की त्या दवाखान्यात मी आता जात नाही, पाय राहो की जावो. सुनेला सांगितलं. पोराला नाही. पोराशी मारोतराव सोमवारपासून एक अक्षर बोलले नव्हते. जेवत होते, पेपर वाचत होते, नातीला हाक मारत होते. फक्त भूपेश खोलीत आला की त्यांना ऐकू येत नसे. दामिनी त्याच्या डब्यात पोळ्या घालताना म्हणाली, तुम्ही बोललात तसं म्या माह्या बापाले बोलली असती तर तुम्ही मले घरात घेतलं असतं का? त्याने डब्याचं झाकण घट्ट लावलं. बायको, बाप, सिस्टर, सगळे एका बाजूला आणि आपण एकटे दुसऱ्या बाजूला, असं त्याला वाटत होतं, आणि त्या वाटण्यात थोडं सुखही होतं. चिडलेल्या माणसाला एकटेपणा गोड लागतो.

अकरा दिवस त्याने त्या वॉर्डात काढले होते. ट्रस्टचा दवाखाना, जनरल वॉर्ड, वीस खाटा, आणि वीसच्या वीस खाटांखाली पिशव्या. पहिल्याच दिवशी त्याच्या लक्षात आलं की इथे आजारी कमी आणि लुटारू जास्त आहेत. कापूस जात होता, रबरी हातमोजे जात होते, हात धुवायच्या औषधाच्या बाटल्या भिंतीवरून स्टँडसकट जात होत्या. शेजारच्या खाटेवर हर्नियाचा पेशंट होता, आणि त्याची बायको शोभाताई म्हणजे या कामातली उस्ताद. जरीपटक्याला बांगड्यांचं दुकान, बोलणं लाघवी, हात लांब. सलाइन संपली की ती नर्सच्या आधी उठून बाटली काढून घ्यायची, कुंडीतल्या रोपाले पाणी द्यायले बरी म्हणायची. हातमोज्यांचा डबा ट्रॉलीवर दिसला की त्यातले मूठभर तिच्या पदराखाली. भूपेश डोळे वटारून बघायचा, आणि ती हसून म्हणायची, "भाऊ, बिलात लावले ना? मंग आपलेच आहेत." याच्यावर त्याला काही बोलता येत नसे, कारण बिलात खरंच लावलेले असत. बिलात थर्मामीटर लावलेला होता जो त्याने कधी पाहिला नाही, अन् रोज दोन डबे हातमोजे लावलेले होते, जणू बाबांना हत्तीची शस्त्रक्रिया करायची होती. पण म्हणून चोरायचं? त्याला शोभाताईची किळस यायची. रात्री घरी येऊन तो दामिनीला तिच्या नकला करून दाखवायचा. आणि घरी त्याच्या शर्टाच्या खिशात पांढऱ्या चिकटपट्टीचं अर्धं रीळ होतं, ते मात्र चोरीत धरायचं नाही. ते चुकून आलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, पण दिव्याला कुठे दिसतो?

आठव्या दिवशी धुलाईच्या ठेकेदाराने काम बंद पाडलं. चादरी येईनात. तेव्हा वॉर्डच्या इन्चार्ज चारुशीला सिस्टरने वर लिहून स्टोअरमधला वर्षानुवर्षं पडलेला जुना गठ्ठा फोडून घेतला. हातमागाच्या चादरी, जाड, पिवळट, डांबरगोळ्यांचा वास मारणाऱ्या. लोक कुरकुरले, अंगाला टोचतात म्हणाले. बाबांनी मात्र दिवसभर ती चादर हातातून सोडली नाही. संध्याकाळी भूपेश गेला तेव्हा ते उताणे पडून छताकडे बघत होते आणि अंगठा चादरीच्या काठावरून मागेपुढे, मागेपुढे फिरवत होते. "पाह्य भूपेश," ते म्हणाले. "किनार पाह्य." त्यांनी काहीतरी सांगितलंही. लाल धागे, निळा धागा, गांधीबागेतली विणकरांची सोसायटी, या दवाखान्याची ऑर्डर, कुठलं तरी साल. भूपेश फोनवर रजेच्या अर्जाचं बघत होता. हो बाबा, म्हणाला तो. दोनदा म्हणाला. मोबाइलवरून मान वर न करता माणूस बापाला जे हो म्हणतो, तसलं हो. म्हणजे त्याला माहीत होतं. सोमवारी पिशवीतून चादर पडली तेव्हा ती कुठून आली, का आली, हे त्या वॉर्डातल्या सगळ्या माणसांत एकट्या भूपेशला माहीत होतं. तीन दिवस त्याच्या गळ्यात अडकलं होतं ते हेच.

सोमवारचं सगळं कसं लख्ख आठवत होतं त्याला. डिस्चार्जची वेळ, अकरा वाजलेले. शोभाताईही त्याच दिवशी निघाली. दोन फुगलेल्या पिशव्या घेऊन ती सिस्टरच्या पाया पडली, तुमच्या हाताले यश आहे वं बाई म्हणाली, आणि पाय धरणाऱ्याची पिशवी कोण बघतो? पुढे नंबर बाबांचा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती अशी जाते. चादर टेबलावर पडली तेव्हा सिस्टरने चष्मा वर केला आणि ही काय आहे म्हणून विचारलं. बाबा व्हीलचेअरवर होते. घाबरले नाहीत, लाजले नाहीत. माही आहे, म्हणाले. त्यांनी वाकून चादरीचं टोक ओढलं आणि किनार दोन बोटांत धरून सिस्टरच्या नाकाशी नेली. "म्या विणली, बाई. दोन लाल, एक निळा. असा धागा टांडापेठेत एकटा मारोतच टाके. हे लोकं फाडून राहिले तिले. काल माह्या डोळ्यासमोर दोन फाडल्या, पोछ्यासाठी." सगळा वॉर्ड गोळा झालेला. कुणीतरी फिसकन हसलं. कुणीतरी म्हणालं, म्हातारा पक्का आहे, विणलीच म्हणते! सिस्टर भूपेशकडे बघायला लागली आणि भूपेशच्या कानशिलांत एकदम ऊन चढलं. जप्तीवाले. एकवीस वर्षं. तो पुढे झाला, बाबांच्या हातून किनार काढून घेतली आणि म्हणाला, "सिस्टर, तुम्ही लक्ष देऊ नका. त्यांचं डोकं ठिकाणावर नसते."

ठिकाणावर नसते. ज्या म्हाताऱ्याला पन्नास वर्षांपूर्वीचा सुताचा नंबर पाठ आहे, त्याचं. बाबांनी मान वळवली आणि त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही. कापडात खोट सापडली की ते तिच्याकडे बघत, तसं बघितलं, कुठून कुठपर्यंत आहे ते पाहायला. मग हात मांडीवर ठेवले. सिस्टर जरा नरमली. पोलीस वगैरे काही नको, पण रजिस्टरला माफीनामा लागेल म्हणाली, वरून तशी ऑर्डर आहे. माफीनामा भूपेशनेच लिहिला. वयोमानामुळे विस्मरण होऊन अनवधानाने दवाखान्याची वस्तू सामानात आली, त्याबद्दल दिलगीर आहे. सुंदर लिहिला, काना-मात्रा जागच्या जागी. अक्षर फार छान आहे हो तुमचं, चारुशीला सिस्टर म्हणाली. तिला अक्षराचं कौतुक. पणजोबा भोसल्यांच्या कचेरीत लेखनिक होते हे ती वॉर्डात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत असे. भूपेशने कागद बाबांपुढे धरला आणि खाली बोट दाखवलं. वाचून दाखवला नाही. बाबांनीही विचारलं नाही. मारोत डोमाजी, अशी सही केली आणि पेन परत दिलं.

लहानपणी भूपेशला त्या धंद्याचा सगळ्यांत जास्त तिटकारा कशाचा असेल तर वासाचा. टांडापेठेतलं घर म्हणजे एक खोली, आणि खोलीच्या निम्म्या भागात मागाचा खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बाप बसलेला, आणि सुताच्या खळीचा आंबूस वास अंथरुणाला, भाकरीला, शाळेच्या पुस्तकांना. पहाटेपासून खटक खटक. आई चंद्रकला दारात बसून चरख्यावर सुताच्या कांड्या भरायची. तिच्या मांडीवरून उठून तो शाळेत जायचा, आणि शाळेत वास घेऊन पोरं नाक धरायची. कोष्ट्याचं पोरगं आलं. बाप बोलवायचा, ये, बस इथं, पाय पुरते का पाह्य मागाच्या पावडीले. तो जायचा नाही. गणित आहे म्हणायचा. किनार वाचाले शिक, बाप म्हणायचा, कापडाचं थान पाहून विणणारा सांगता आला पाहिजे. सोसायटीले खोट सापडली तं कोणाची ते किनारीवरूनच समजते. प्रत्येकाची आपापली किनार. भूपेश शिकला नाही. तो पंधरा वर्षांचा असताना माग विकला, नंतर नंदनवनात दोन खोल्या झाल्या, बाप एका दुकानात पहारा करायला लागला, आणि भूपेशला वाटलं सुटलो एकदाचे.

पण एक दिवस सुटला नव्हता. तो आठ वर्षांचा असेल. समोरच्या घरात अनंतकाकाचा माग होता. तिथून त्याने जरीची एक कांडी उचलली होती. चोरायची म्हणून नव्हे, चमकते म्हणून. बाबांना ती त्याच्या दप्तरात सापडली. त्यांनी मारलं नाही. उजवा कान धरला आणि भर दुपारी गल्लीतून अनंतकाकाच्या दारापर्यंत नेलं. पंधरा पावलांचं अंतर, पण दोन्ही बाजूंच्या बाया कांड्या भरायच्या थांबल्या. माह्या पोरानं तुही वस्तू नेली गा अनंता, बाबा म्हणाले, तो स्वतः देते वापस. अनंतकाका म्हणाला, काहून करता गा मारोत, लेकरू आहे. बाबा म्हणाले, म्हणूनच. त्या दिवसापासून भूपेशला चोरांचा राग. सगळं आयुष्य त्याने दुसऱ्यांच्या बॅगा तपासण्यात घालवलं आणि वाटत राहिलं की हा माझा स्वभाव आहे. स्वभाव कसला, पिरगळलेला कान होता तो. आणि ज्याने पिरगळला त्याचीच पिशवी चोरीच्या वस्तूने भरलेली निघावी? एवढा उपदेश केलास ना? मग मजुरी घेऊन विणलेली चादर तीस-पस्तीस वर्षांनी माझी म्हणायला लाज नाही वाटली? सोमवारी त्याच्या तोंडून जे निघालं, त्यात घाबरणं होतं, लोकलाज होती, पण थोडा सूडही होता. हे त्याला बुधवारी, रिकाम्या लॅबमध्ये पंख्याखाली बसल्यावर कळलं, आणि कळून त्याने फक्त डब्याची पिशवी उचलली. अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि दवाखान्याकडे निघाला.

काय करायला निघालो हे त्याने स्वतःला नीट सांगितलं नव्हतं. सिस्टरला गाठायचं. ती चादर विकत द्या म्हणायचं. चादर बापापुढे टाकली की तो उठेल, पाय वाचेल, आणि सोमवारही मिटेल. चारुशीला सिस्टर जेवायला बसली होती. तिने ऐकून घेतलं आणि डबा बंद केला. आज तुमच्या बाबांचं ड्रेसिंग होतं, आणलं नाही तुम्ही, ती आधी म्हणाली. मग म्हणाली की मला काय तुमच्या म्हाताऱ्या माणसाला उघडं पाडायची हौस होती का. गेल्या महिन्यात एकाने बीपीचा पट्टा नेला, मशीन तसंच ठेवून, आणि संध्याकाळी खाट नंबर चौदाचं बीपी घ्यायला मला खालच्या मजल्यावर धावावं लागलं, चौदा नंबरची बाई कशीबशी वाचली. "तुम्ही लोक एक एक वस्तू नेता. मला एका वॉर्डातून वीस जाताना दिसतात." तुम्ही लोक. भूपेशला ते दोन शब्द गालावर बसल्यासारखे लागले. आम्ही लोक म्हणजे कोण? शोभाताई आणि मी? तो चादरीचं परत बोलला. तेव्हा ती जरा थांबली आणि म्हणाली की ठेकेदार परत आला, जुना गठ्ठा बाद झाला, फाडून सफाईला दिलं सगळं. "तुमच्या बाबांनी खरंच विणली होती का हो ती?" तिने विचारलं. आणि या वेळी तरी, निदान या वेळी, हो म्हणायला काय जात होतं? भूपेश म्हणाला, काय माहीत, म्हातारी माणसं, काहीही बोलतात.

बाहेर पडताना सफाईच्या बादलीशी तो थांबला. कठड्यावर चार-पाच फडकी वाळत घातलेली होती. त्यातल्या एकाला किनार होती. धागे फिकटलेले, पण लाल होता, निळा होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं. एकवीस वर्षं इकडेतिकडे बघणारी माणसं पकडलेला माणूस अगदी तसंच बघत होता, आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग उगाच घड्याळाकडे. फडकं ओलसर होतं आणि फिनाइलचा वास मारत होतं. त्याने ते डब्याच्या पिशवीत कोंबलं. आणि कुठेतरी आत, अरे, मजा येत होती. सापडलो तर? सापडू दे. गेटवर पहारेकऱ्याने पिशवीत हात घातला, ओलं काय आहे म्हणाला. डबा पुसायचं फडकं आहे, भूपेश म्हणाला. इतकं सहज म्हणाला की पहारेकऱ्याने हात पँटला पुसून त्याला जाऊ दिलं.

घरी ऊन उतरत आलेलं. बाबा खिडकीशी खुर्चीत, पाय स्टुलावर, पट्टीतून पिवळं पाझरायला लागलेलं, आणि खोलीत एक गोडसर घाण वास. दामिनी दारात उभी राहून बघत होती. भूपेशने फडकं त्यांच्या मांडीवर ठेवलं. मनात तो वाक्यं जुळवत होता. आणली बाबा. तुमचीच आहे. एवढीच वाचली. त्याला वाटलं, म्हातारा आता रडेल, आणि त्या रडण्याला आपण कसं तोंड द्यायचं याचीच त्याला धास्ती पडली होती. मारोतरावांनी फडकं उचललं नाही. अंगठा किनारीवर ठेवला आणि हळूहळू पुढे सरकवला. डोळे खिडकीबाहेर. अंगठा टोकाला पोहोचला, परत आला.

"दोन निळे, एक लाल," ते म्हणाले. तीन दिवसांनी पहिल्यांदा ते पोराशी बोलत होते. "हे माहं नव्हं. अनंताचं आहे."

बाबा म्हणाले, "कुठून आणलं?" आणि मग, त्याने तोंड उघडायच्या आत, "चोरून आणलं." तो विचारणारा आवाज नव्हता. त्याने सांगायला सुरुवात केली की तुमच्यासाठीच आणलं, तुमच्या सगळ्या फाडल्या, तुमची कोणती अन् दुसऱ्याची कोणती हा फरक मला कसा कळणार. "तुले काहून कळंल," बाबा म्हणाले. "म्या आणली ते माही समजून आणली. पैसे भेटले होते तिचे, ते खरं. पण फाडाचे नोते भेटले. माही चूक असंल तं चूक. तू तं हे कोणाचं आहे ते बी न पाहता उचललं." अनंतकाका वारून बारा वर्षं झाली होती. बाबांनी फडक्याची घडी घातली, किनार वर येईल अशी, आणि दामिनीकडे धरली. "धुऊन ठेव वं बाई. उद्या सकाळी ऑटो सांगा. मी येतो दवाखान्यात. वापस द्याची आहे." दामिनीने भूपेशकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने फडकं दोन्ही हातांनी घेतलं आणि मोरीकडे गेली. त्याला आनंद व्हायला हवा होता. म्हातारा दवाखान्यात यायला तयार झाला होता, पाय वाचण्याची आशा होती, जे करायला तो निघाला होता ते झालंच होतं की. तो पलंगाच्या कडेवर बसला आणि त्याला नकळत त्याचा हात उजव्या कानाकडे गेला.

गुरुवारी साडेदहाला ऑटो लागला. वाटेत बाबा शेजारी बसले होते, मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं फडकं, आणि रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला पाय दुखत असणार, पण हूं की चूं नाही. भूपेश एकदा म्हणाला, मी देतो ना सिस्टरला एका बाजूला नेऊन, सगळ्यांसमोर कशाला. बाबांना ऐकू आलं नाही. वॉर्डात तीच गर्दी. शोभाताईच्या जागी दुसरी बाई, तिच्या खाटेखाली दुसरी पिशवी. चारुशीला सिस्टरने आधी पाय पाहिला, पट्टी बाजूला करून वास घेतला, आणि म्हणाली की आजचा दिवस गेला असता तर मी काही सांगू शकले नसते, चला आत. बाबा आत गेले नाहीत. त्यांनी व्हीलचेअर टेबलाशी घ्यायला लावली, वर्तमानपत्र उलगडलं आणि फडकं टेबलावर ठेवलं. धुऊन, वाळवून, घडी घालून. आजूबाजूच्या खाटांवरची माणसं कोपरांवर उठली. दवाखान्यात करमणूक तरी दुसरी काय?

"हे तुमचं आहे, बाई. माहा पोरगा घेऊन गेला होता काल."

सिस्टरला क्षणभर कळलंच नाही. मग तिने फडक्याकडे पाहिलं, भूपेशकडे पाहिलं, आणि तिच्या तोंडावर हसू येता येता थांबलं. अहो पोछा आहे तो, ती म्हणाली, असू द्या, न्या घरी, त्याचं काय एवढं. भूपेशने सुटकेचा श्वास घेतला. व्हीलचेअरच्या दांड्याला हात घातला आणि ती वळवायला लागला. बाबांनी चाकावर हात ठेवला. चाक थांबलं.

"नाही, बाई. ऑर्डर आहे ना वरून?" ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, पण वॉर्डभर ऐकू जात होता. "त्याचं डोकं ठिकाणावर नसते. तुम्ही लक्ष देऊ नका. पण लिहून घ्या."

कुणी हसलं नाही. सिस्टर काही बोलणार होती. म्हाताऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून तिने रजिस्टर पुढे सरकवलं. बाबांनी खिशातून पेन काढलं आणि मान न वळवता मागे, भूपेशच्या दिशेने धरलं. लिही म्हणाले, तुहं अक्षर चांगलं आहे. भूपेशने पेन घेतलं. त्याचा सोमवारचा मजकूर त्याच पानावर वर होता, वयोमानामुळे, विस्मरण होऊन, अनवधानाने, आणि खाली वाकडी सही, मारोत डोमाजी. त्याच्याखाली त्याने तारीख घातली. वयोमानामुळे लिहिता येईना. अनवधानाने लिहिता येईना. बराच वेळ गेला, मागची माणसं कुजबुजायला लागली, ड्रेसिंगच्या खोलीतून कुणीतरी पुढचा पेशंट म्हणून हाक मारली. मग त्याने एकच ओळ लिहिली, चोरून नेलं अशी, आणि खाली सही केली.

"वाचून दाखव," बाबा म्हणाले. "मले मागच्या खेपेले दाखवलं नाही."

भूपेशने रजिस्टर उचललं. वीस खाटांवरची माणसं ऐकत होती. त्याने एकदा घसा खाकरला आणि वाचायला सुरुवात केली. आधी बाबांचं वाचलं, मग आपलं.